ठासणीचा बार आणि दाबाचा प्रश्न : मावळच्या गडांपासून खडकीच्या कारखान्यापर्यंत

मावळच्या इतिहासावर आजवर झालेल्या लेखनात गडांची बांधणी, देशमुखांची वतने, बोरघाटाची वाट आणि वडगावची लढाई हे विषय पुन्हा पुन्हा आलेले आहेत. या गडांवर दारू साठवलेली असे, ती तोफेत व बंदुकीत भरणारी माणसे असत आणि भरण्यात चूक झाली तर पहिला बळी शत्रूचा नव्हे, भरणाऱ्याचाच जाई. ही बाजू मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटली आहे. नळीच्या आत दाब प्रमाणाबाहेर का वाढतो, तो ओळखावा कसा, आणि मावळातील उपलब्ध अवशेष याविषयी काय सांगतात, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रथम शब्दाकडे पाहू. आपल्याकडे तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीस ‘ठासणीची बंदूक’ म्हणतात. मापाने दारू ओतावयाची, त्यावर गोळी व बोळा घालून गजाने ठासावयाचे, रंजक घालून बत्ती द्यावयाची, हा तिचा क्रम. आज परदेशांत पिस्तुलाची काडतुसे घरी भरण्याचा जो छंद आहे, तो तत्त्वतः याच क्रमाचा वंशज होय. फरक एवढाच की, नळीऐवजी पितळी पुंगळी भरली जाते. दारू किती, कोणती आणि गोळी किती आत, या तीन गोष्टींचा निर्णय दोन्हीकडे भरणाऱ्याच्या हाती असतो आणि अपघाताचे मूळही बहुतांशी त्यांतच असते.

सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या दारूचे बळ केवळ वजनावर ठरत नाही. इंग्रजी लष्करी दारूत हे प्रमाण साधारणतः शेकडा ७५, १० आणि १५ असे असे. पण प्रमाण तेच राहूनही दाणा बारीक झाला की जळण्याचा वेग वाढतो. पूड केलेली दारू घट्ट ठासली तर ज्वाळेला आत शिरण्यास वाट राहत नाही व ती मंद जळते. दाणेदार दारूत ती वाट मोकळी असल्याने बार एकदम पेटतो. म्हणून पुडीच्या दारूसाठी बसवलेले माप दाणेदार दारूला लावणे धोक्याचे. युरोपात दाणेदार दारू आल्यावर जुन्या तोफांना ती मानवेना, त्याचे कारण हेच.

मावळाच्या बाबतीत यात पावसाची भर पडते. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशुद्ध सोऱ्यातील क्षार हवेतील ओल ओढून घेतात आणि दारू मंद होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, इ. स. १७१५-१६ च्या सुमाराच्या आज्ञापत्रात दुर्गप्रकरणी दारूखान्याविषयी बारकाईने सूचना आहेत. दारूखाना वस्तीजवळ नसावा, दारू व बाण ठरावीक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, असा त्यांचा आशय आहे. अभ्यासक या सूचनांकडे सामान्यतः आगीपासून बचाव म्हणून पाहतात. आमच्या मते त्यांचा आणखी एक अर्थ संभवतो. ओल्या दारूने गोळा जवळच पडू लागला की गोलंदाज माप वाढवतो. तीच दारू ऊन खाऊन आल्यावर वाढवलेले माप तसेच राहिले, तर दाब अनपेक्षितपणे चढतो. नियमित ऊन देण्याने दारूचे बळ वर्षभर सारखे राहते. आज्ञापत्रकारांना दाबाचे गणित ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु त्यांच्या शिस्तीचा परिणाम तोच होता.

गडावरील तोफांची साक्ष

विसापूर गडावर उत्तरेकडील तटाजवळ एक लोखंडी तोफ असल्याची नोंद पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये आहे. लांबी दहा फूट, नळीचा व्यास चार इंच, अंगावर ट्यूडर गुलाब, मुकुट आणि ‘ई. आर.’ ही अक्षरे. गॅझेटिअरकारांनी ती एलिझाबेथ राणीच्या काळातील मानली असून एखाद्या इंग्रजी जहाजावरून आंग्र्यांनी किंवा कोकणातील दुसऱ्या एखाद्या सरदाराने मिळवून ती पेशव्यांना दिली असावी, असा तर्क केला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने पुढचे वाक्य अधिक मोलाचे आहे : विसापुरावरील इतर तोफांप्रमाणेच हिचेही दोन्ही बाजूंचे खुंट तोडून ती निकामी केलेली आहे.

मोडलेली तोफ पाहिली की ‘लढाईत फुटली’ असे सहज सांगितले जाते. परंतु दाबाने फुटलेली तोफ आणि हेतुपुरस्सर मोडलेली तोफ यांच्या खुणा वेगळ्या असतात. दाब सर्वाधिक असतो तो बुडाशी, दारूच्या जागी. तेथून पुढे नळी जसजशी लांबते तसतसा तो उतरतो. म्हणून अतिदाबाने तोफ बहुधा बुडाकडच्या भागात चिरते. ओतीव लोखंड ठिसूळ असल्याने पूर्वसूचना न देता तुकडे होते. पंचरशी वा कांशाची तोफ आधी फुगते, मग तडकते, म्हणजे गोलंदाजाला इशारा तरी देते. बांगडी तोफेत कड्या सुटतात. बत्तीचे छिद्र झिजून रुंद झाले असेल तर तोफ पुष्कळ वापरलेली, एवढेच कळते. बाजूचे खुंट मात्र नळीतील दाबाने तुटत नाहीत. ते तोडले की तोफ गाड्यावर तोलता येत नाही, आणि हाच तोडणाऱ्याचा हेतू असतो. ४ मार्च १८१८ रोजी प्रॉथरच्या फौजेने विसापूर घेतला व त्यापाठोपाठ लोहगडही विनासायास हाती आला. या तोफा त्यानंतर विजेत्यांनीच निकामी केल्या, असे मानणे सयुक्तिक ठरते. तेव्हा विसापूरच्या मोडक्या तोफांवरून मराठी गोलंदाजांच्या अडाणीपणाचा निष्कर्ष काढणे पुराव्याला धरून नाही.

इंग्रजांनाही याच मावळात तोफा सोडाव्या लागल्या होत्या. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट मारला गेला. पुढे तळेगावाहून माघार घेताना कंपनीच्या सैन्याने जड तोफा तेथील तळ्यात लोटल्या आणि सामान जाळले. वडगावचा तह त्यानंतरचा. घाईत असलेले सैन्य तोफ फोडण्यापेक्षा बुडवते, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

तोफा फुटण्याचे संकट केवळ आपल्याकडचे नव्हते. स्कॉटलंडचा राजा दुसरा जेम्स १४६० मध्ये रॉक्सबरोच्या वेढ्यात स्वतःच्याच तोफेने गेला. अमेरिकेत २८ फेब्रुवारी १८४४ रोजी ‘प्रिन्स्टन’ जहाजावरील प्रचंड तोफ समारंभात फुटून दोन मंत्री ठार झाले. या दुर्घटनांमुळेच दाब मोजण्याची निकड भासली. १७४२ मध्ये रॉबिन्सने लंबकाच्या साह्याने गोळीचा वेग मोजला होता. प्रत्यक्ष नळीतील दाब मोजण्याची साधने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रॉडमन आणि नोबल यांनी सिद्ध केली. तोवर जगभरचा गोलंदाज अंदाजावरच जगत होता.

माप हातातून कारखान्याकडे

कागदी काडतूस आले तेव्हा दारूचे माप शिपायाच्या हातून गेले. १८५७ च्या संदर्भात आपण त्या काडतुसाच्या चरबीचीच चर्चा करतो, मापाची नाही. तरीही भरण्याचा क्रम शिपायाकडेच होता आणि गोंधळात तो चुके. १८६३ च्या गेटिसबर्ग लढाईनंतर गोळा केलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक असे दोन किंवा अधिक बार सापडले. धातूच्या काडतुसाने तीही शक्यता संपवली. १८६९ मध्ये खडकी येथे काडतुसांचा कारखाना स्थापन झाला आणि पुणे परिसरात बार भरण्याचे काम व्यक्तीकडून यंत्राकडे व तपासनिसाकडे गेले. हा कारखाना आज म्युनिशन्स इंडिया लिमिटेडचा भाग आहे.

दरम्यान दारूच बदलली होती. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय्यने धूररहित दारू तयार केली आणि १८८९ मध्ये इंग्रजांचे कॉर्डाइट आले. काळ्या दारूचा जळण्याचा वेग दाबाने फारसा बदलत नाही, परंतु नायट्रोसेल्युलोजच्या दारूचा वेग दाबाबरोबर वाढतो आणि वाढलेला वेग पुन्हा दाब वाढवतो. ठासणीच्या बंदुकीत अर्धे माप जास्त पडले तर खांद्याला जोराचा धक्का बसून निभावत असे. पिस्तुलाच्या पुंगळीत ती सवलत नाही. १९०२ पासून प्रचारात असलेल्या ९ मि. मी. काडतुसात दारू जेमतेम ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढी, आणि अमेरिकी मानकानुसार दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचास ३५,००० पौंड. काही दारू इतक्या थोड्या जागेत मावतात की चुकून दोनदा ओतले तरी पुंगळी भरून वाहत नाही. गेटिसबर्गची चूक येथे पितळेच्या आड लपते. गोळी मिलिमीटरच्या अंशाने जास्त आत बसली तरी मोकळी जागा घटते व दाब झपाट्याने चढतो. टोपी चपटी होणे, तिच्यावर धातू वाहिल्यासारखा दिसणे, बुडाशी पुंगळी फुगणे, ती बाहेर काढताना अडकणे, या खुणा जाणकार पाहतात. पण पिस्तुलात यांपैकी काही खुणा मर्यादा ओलांडल्यानंतरच उमटतात, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून दाब योग्य आहे असे म्हणता येत नाही. अशा वेळी भरलेली सारी काडतुसे बाजूला ठेवून उकलणे आणि दारू, वजन, लांबी प्रमाणित तक्त्याशी पडताळणे, एवढाच मार्ग उरतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याविना काडतुसे बनवता येत नसल्याने हा अनुभव आपल्याकडे नेमबाजांच्या व कारखान्यांच्या वर्तुळाबाहेर फारसा नाही.

अलीकडे गडसंवर्धन करणाऱ्या संस्था जुन्या तोफांना सागवानी गाडे करून बसवीत आहेत. ते काम स्तुत्य आहे. मात्र उत्सवप्रसंगी अशा तोफेत बार भरण्याचा मोह होतो, तेथे इतिहासाच्या अभ्यासकाने स्पष्ट बोलले पाहिजे. शतकानुशतके पावसात राहिलेल्या ओतीव लोखंडातील चिरा डोळ्यांना दिसत नाहीत, आणि विसापूरची ती तोफ एलिझाबेथकालीन असेल तर तिचे वय आता चारशे वर्षांहून अधिक भरते.