साठीनंतरची धाव आणि नाडीचे गणित

मुंबईचा मरिन ड्राइव्ह असो वा पुण्याची तळजाई टेकडी, पहाटे धावणाऱ्यांमध्ये साठी ओलांडलेल्या स्त्री-पुरुषांची संख्या आता नजरेत भरण्याजोगी असते. पुण्यातील आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ मध्ये, मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये, तर साताऱ्याच्या यवतेश्वर घाटातील हाफ मॅरेथॉन २०१२ मध्ये सुरू झाली. या शर्यतींमुळे निवृत्तीनंतर धावण्याचा छंद लागलेला एक मोठा वर्ग तयार झाला. या वर्गाच्या मनगटावर आता हृदयाचे ठोके मोजणारे घड्याळही आले आहे. त्या घड्याळावरील आकड्याचा अर्थ कसा लावायचा, याबाबत मात्र अनेकांच्या मनात संभ्रम असतो. कोणी आकडा थोडा वाढताच घाबरून थांबतो, तर कोणी आकडा ‘मर्यादेत’ आहे म्हणून छातीतील दुखण्याकडे दुर्लक्ष करतो. यातील दुसरी चूक प्राणावर बेतू शकते.

‘२२० वजा वय’ आले कोठून?

हृदयाच्या कमाल ठोक्यांसाठी सर्वत्र सांगितले जाणारे सूत्र म्हणजे २२० मधून वय वजा करणे. त्यानुसार ६५ वर्षांच्या व्यक्तीचे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त १५५ वेळा धडधडेल. अमेरिकेतील सॅम्युअल फॉक्स आणि विल्यम हॅस्केल यांनी १९७०च्या सुमारास उपलब्ध अभ्यासांतील आकडे एकत्र मांडले, तेव्हा वय आणि कमाल ठोके यांचे हे ढोबळ नाते त्यांना दिसले. प्रत्येक व्यक्तीची मर्यादा ठरविण्यासाठी ते सूत्र मुळात तयार केलेले नव्हते. लक्षात ठेवण्यास सोपे असल्यामुळे ते व्यायामशाळांच्या भिंतींवर आणि पुढे घड्याळांच्या संगणकीय प्रणालीत जाऊन बसले.

२००१ मध्ये हिरोफुमी तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५१ अभ्यासांतील १८ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती तपासून सुधारित सूत्र मांडले. वयाला ०.७ ने गुणून येणारी संख्या २०८ मधून वजा करावी, असे ते सूत्र सांगते. चाळिसाव्या वर्षी दोन्ही सूत्रांचे उत्तर १८० असे सारखेच येते. त्यापुढे मात्र अंतर वाढत जाते. सत्तराव्या वर्षी जुने सूत्र १५० सांगते, तर नवे १५९. याचा अर्थ, जुने सूत्र ज्येष्ठांच्या हृदयाची क्षमता सरासरीने कमी दाखवते.

तथापि, नवे सूत्रही सरासरीच सांगते. एकाच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या कमाल ठोक्यांमध्ये दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य असतो आणि काहींच्या बाबतीत तो वीसच्याही पुढे जातो. पासष्टीतील एका धावपटूची कमाल मर्यादा १४५ आणि दुसऱ्याची १७५ असू शकते. त्यावरून पहिला दुबळा आणि दुसरा सुदृढ असे ठरत नाही. कमाल ठोके हे तंदुरुस्तीचे मोजमाप नाही.

वयानुसार हे ठोके घटतात, कारण हृदयाची लय ठरविणाऱ्या पेशींच्या केंद्राचा मूळ वेग मंदावतो आणि अ‍ॅड्रिनलिनसारख्या संप्रेरकांना हृदय पूर्वीइतका प्रतिसाद देत नाही. ही घट सरावाने फारशी रोखता येत नाही. सरावाने वाढते ती प्रत्येक ठोक्यागणिक बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताची मात्रा आणि तो प्राणवायू वापरण्याची स्नायूंची क्षमता.

स्वतःचे मोजमाप

सूत्रापेक्षा स्वतःच्या नाडीचा परिचय करून घेणे अधिक उपयुक्त ठरते. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी मिनिटभर नाडी मोजावी. आठवडाभराच्या नोंदींची सरासरी म्हणजे विश्रांतीच्या वेळचे ठोके. कमाल ठोके आणि हे ठोके यांतील फरकाला हृदयगतीची राखीव क्षमता म्हणता येईल. फिनलंडमधील संशोधक कार्वोनेन यांच्या १९५७ मधील अभ्यासावर आधारलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे.

उदाहरणार्थ, ६५ वर्षांच्या एखाद्या व्यक्तीचे विश्रांतीचे ठोके ६० आहेत आणि वैद्यकीय चाचणीत तिचे कमाल ठोके १७० आढळले. तिची राखीव क्षमता ११० झाली. सोप्या धावेसाठी या क्षमतेच्या ६० ते ७० टक्के धरले आणि त्यात विश्रांतीचे ६० मिळवले, तर १२६ ते १३७ हा टप्पा मिळतो. हेच गणित ‘२२० वजा वय’ने केल्यास टप्पा ११७ ते १२७ असा येतो. ही व्यक्ती घड्याळावर विसंबल्यास विनाकारण रेंगाळत धावेल. उलट, जिचे खरे कमाल ठोके १४५ आहेत, तिच्यासाठी १२७ ठोक्यांची धाव ‘सोपी’ न राहता बरीच कष्टाची होईल. कमाल ठोके शोधण्यासाठी ज्येष्ठांनी एकट्याने चढावर जीव तोडून धावण्याचा प्रयोग करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालील स्ट्रेस टेस्ट हाच सुरक्षित मार्ग होय.

आकड्यांविनाही श्रमाचा अंदाज घेता येतो. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल, तर वेग सोपा आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर तो कठीण झाला आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी जाणवणाऱ्या श्रमासाठी ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. तरुण व्यक्तीचे ठोके साधारण ६० ते २०० या दरम्यान असतात, हा तिच्यामागील आधार. ज्येष्ठांनी तिचा दहापटीचा हिशेब सोडून केवळ श्रमाची जाणीव विचारात घ्यावी.

औषधे आणि उपकरणे

रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी बीटा ब्लॉकर वर्गातील गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत वरील दोन्ही सूत्रे गैरलागू ठरतात. या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. अशी व्यक्ती घड्याळावर १३० आकडा आणण्याच्या हट्टाने धावली, तर शरीरावर अवाजवी ताण पडेल. तिने बोलण्याची कसोटी वापरावी. चांगले धावता यावे म्हणून गोळी परस्पर बंद करणे अत्यंत धोकादायक आहे.

मनगटी घड्याळ प्रकाशाच्या साहाय्याने रक्तप्रवाहाचा अंदाज घेते. पट्टा सैल असल्यास, घामामुळे किंवा हाताच्या हालचालीमुळे त्याची चूक होते. काही वेळा ते ठोक्यांऐवजी पावलांची लय मोजते आणि सावकाश धावतानाही १६०-१७० असा आकडा दाखवते. छातीला बांधायचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे तो अधिक विश्वसनीय असतो. आकडा विचित्र दिसल्यास थांबून बोटांनी नाडी पाहावी. नाडी अनियमित लागत असेल, तर दोष उपकरणाचा न मानता ईसीजी काढून घ्यावा. दीर्घकाळ सहनशक्तीचे व्यायाम करणाऱ्या पुरुषांमध्ये उतारवयात ‘एट्रियल फिब्रिलेशन’ या लयबिघाडाचे प्रमाण अधिक आढळते.

सरावाची आखणी

कॅनडातील एड व्हिटलॉक यांनी २००३ मध्ये, वयाच्या ७२व्या वर्षी, तीन तासांच्या आत मॅरेथॉन पूर्ण केली. सत्तरी ओलांडलेल्या धावपटूने असे करण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढच्याच वर्षी त्यांनी २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंद अशी वेळ नोंदवली आणि २०१६ मध्ये, ८५व्या वर्षी, चार तासांच्या आत अंतर कापले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले. घराजवळच्या दफनभूमीतील रस्त्यांवर तासन् तास संथ धावणे हा त्यांच्या सरावाचा कणा होता. त्यांची वेळ गाठणे सर्वांना शक्य नाही, परंतु संथ धावेवर भर देण्याची रीत मात्र कोणालाही अंगीकारता येईल.

आठवड्यातील बहुतेक धावा सोप्या असाव्यात. वेगाचा किंवा चढाचा सराव एकदाच करावा आणि त्यानंतर किमान दोन दिवस हलके ठेवावेत, कारण वयानुसार स्नायूंची झीज भरून येण्यास अधिक वेळ लागतो. आठवड्यातून दोनदा ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम करणे हितावह असते. सकाळचे विश्रांतीचे ठोके सलग काही दिवस नेहमीपेक्षा सात-आठने वाढलेले दिसल्यास अपुरी झोप, अतिसराव किंवा येऊ घातलेला आजार यांची शक्यता ध्यानात घ्यावी. तापात धावणे पूर्णतः टाळावे.

शर्यतीच्या दिवशी

प्रारंभरेषेवरील गर्दी व उत्साह यांमुळेच ठोके वाढलेले असतात, म्हणून पहिले दोन-तीन किलोमीटर सरावापेक्षा संथ धावावेत. पुढे वेग तोच असला, तरी ठोके हळूहळू वाढत जातात. घामावाटे पाणी कमी होते, रक्त त्वचेकडे वळते आणि तेवढाच रक्तपुरवठा राखण्यासाठी हृदयाला अधिक वेळा आकुंचन पावावे लागते. मुंबईच्या दमट हवेत हा परिणाम विशेष जाणवतो. पेडर रोडच्या चढावर वेग टिकविण्याचा आग्रह सोडून श्रम तेवढेच ठेवावेत, पावले आखूड टाकावीत. पाणी तहानेनुसार प्यावे. अतिरेक केल्यास रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते.

धोक्याची घंटा

अमेरिकेतील लांब पल्ल्याच्या शर्यतींचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान वा ती संपताच बंद पडले. त्यातील ४२ जण दगावले. हृदय बंद पडलेल्यांपैकी ५१ पुरुष होते. प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी असले, तरी त्यामागे अनेकदा आधीपासूनचा हृदयविकार आढळला. म्हणूनच दीर्घ खंडानंतर धावू लागणाऱ्यांनी आणि मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान किंवा घरात हृदयविकाराचा इतिहास असणाऱ्यांनी सराव वाढविण्यापूर्वी तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

तपासणीचा अहवाल निर्दोष आला, तरी धावताना छातीवर दडपण येणे, वेदना जबडा, खांदा वा डाव्या हाताकडे सरकणे, नेहमीच्या वेगात अकस्मात धाप लागणे, डोळ्यांसमोर अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबावे व मदत मागावी. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. सहधावक बेशुद्ध पडला आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मध्यभागी जोराने व वेगाने दाब देत राहावे. अशा वेळी घड्याळात कोणता आकडा आहे, हे पाहण्यात क्षणही दवडू नये. अर्धवट सोडलेली शर्यत पुढच्या वर्षी पुन्हा धावता येते.