हुंडीपासून कार्डापर्यंत

परमुलखांत निघालेल्या माणसाला वाटेपेक्षां पैशाचीच काळजी अधिक असते. रोकड जवळ बाळगावी, तर चोराचें भय. न बाळगावी, तर अनोळखी गांवांत उधार कोण देणार? ठाणें जिल्ह्यांत मानपाडा नांवाच्या वस्त्या दोन आहेत; एक ठाणें शहराच्या घोडबंदर रस्त्यावर, दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस. मुलगा किंवा मुलगी परदेशीं स्थायिक झाली आहे, अशीं घरें दोन्ही ठिकाणीं आढळतात. नातवंडाचें तोंड पाहावयास निघालेलें एखादें वृद्ध जोडपें बँकेंत गेलें, कीं त्याच्यापुढें तऱ्हेतऱ्हेचीं कार्डें मांडलीं जातात, आणि त्यांतलें कोणतें घ्यावें याचा निर्णय कांहीं केल्या होत नाहीं. प्रश्न नवा भासतो खरा. परंतु या खाडीकांठच्या प्रदेशाला तो दोन हजार वर्षांच्या परिचयाचा आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका अनामिक ग्रीक नाविकानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें. ‘पेरिप्लस’ या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत कल्याणचा उल्लेख ‘कल्लिएना’ असा येतो. हें बंदर एके काळीं मोकळ्या व्यापाराचें होतें. पुढें सत्ता पालटली, व्यापारास अडथळा झाला, आणि तेथें आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्याखालीं भडोचला नेलीं जाऊं लागलीं, असें तो सांगतो. भडोचास येणाऱ्या मालाच्या यादींत त्यानें एक मार्मिक गोष्ट नमूद केली आहे: सोन्याचीं व रुप्याचीं परकी नाणीं तेथें नेलीं, तर देशी नाण्यांशीं बदलतांना नफा होतो. चलन बदलण्याच्या व्यवहारांत कोणाचा तरी लाभ असतो, हें त्या दर्यावर्दी माणसानें ओळखलें होतें. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याच्या शिलालेखांत तर दरच कोरलेला आहे. ३५ कार्षापणांस १ सुवर्ण, म्हणून ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण, असा तो हिशेब आहे. दान देणाऱ्यालाहि विनिमयाचा दर दगडावर लिहून ठेवावासा वाटला.

पेशवाईच्या काळीं परक्या नाण्याशीं गांठ पडण्यासाठीं समुद्र ओलांडण्याची गरज नव्हती. चांदवडी, अंकुशी, मल्हारशाही असे नाना तऱ्हेचे रुपये प्रांतोप्रांतीं चालत. एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखांत नेला, कीं सराफ तो पारखून घेई व त्यावर बट्टा कापी. शिवाय काशीयात्रेस निघालेल्या माणसानें रुपयांची थैली कंबरेस बांधून शेंकडों कोस चालावें, हें धोक्याचेंच होतें. म्हणून तो पुण्याच्या सावकाराकडे रक्कम भरी आणि हुंडी घेई. सावकाराचा काशींतील आडत्या ती हुंडी सकारून तितकी रक्कम यात्रेकरूच्या हातीं ठेवी. दाखवितांच पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी. ठराविक दिवसांनीं मिळावयाचे ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारांतील प्रतिष्ठित, ओळखीच्या व्यापाऱ्यासच द्यावयाचे, असा संकेत असे. त्यामुळें चोरानें हुंडी पळविली, तरी तिचे पैसे करणें त्याला सोपें जात नसे. मूळ हुंडी हरवली, तर तिची दुसरी प्रत मिळे. तिला पेठ म्हणत. पेठहि गहाळ झाली, तर परपेठ. या सर्व सोयीबद्दल सावकार जो आकार घेई, त्याचें नांव हुंडणावळ. दोन शहरांमध्यें पैशाची ओढ कोणत्या बाजूस आहे, त्याप्रमाणें ती चढे किंवा उतरे. शहाणा यात्रेकरू तीन गोष्टी विचारल्यावांचून पेढीवरून उठत नसे: हुंडणावळ किती, तिकडे हुंडी सकारणार कोण, आणि वाटेंत हरवली तर काय?

हुंडीची धांव आडत्यापर्यंत. जेथें आडत्या नाहीं, तेथें हुंडी म्हणजे कागदाचा कपटा. माहेर कल्याणचें असलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हां न्यू जर्सीत कल्याणच्या सावकाराचा आडत्या कोठून असणार? तेथील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंचा पत्रांतून जडलेला स्नेह आणि त्यांचें उघडें घर, हीच आनंदीबाईंची त्या देशांतील मोठी पत होती. १८८६ सालीं त्या डॉक्टर झाल्या, त्यांत या पतीचा वांटा लहान नव्हता.

युरोपांत याच अडचणीवर निराळे उपाय निघाले होते. लंडनच्या रॉबर्ट हेरीज यानें १७७२ सालीं प्रवाशांसाठीं फिरत्या हुंड्या सुरू केल्या. श्रीमंत प्रवासी बँकेचें पतपत्र नेत. परगांवची बँक तें पाहून पैसे देई आणि दिलेली रक्कम त्यावरच नोंदून ठेवी. टॉमस कुकच्या कंपनीनें १८८१ सालीं मुंबईस कचेरी उघडली, आणि विलायतेच्या प्रवासाची व्यवस्था येथील माणसाच्या आटोक्यांत आली. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीचे अध्यक्ष फार्गो हे युरोपांत फिरावयास गेले असतां मोठीं शहरें सोडून इतरत्र त्यांचें पतपत्र कोणी लवकर मानीना. परत आल्यावर त्यांनीं तोड काढण्यास सांगितलें, आणि मार्सेलस बेरी या त्यांच्या अधिकाऱ्यानें १८९१ सालीं प्रवासी चेक तयार केला. विकत घेतांना एक सही, वटवितांना दुसरी. दोन्ही जुळल्या कीं पैसे. हरवला, तर क्रमांक सांगून भरपाई. शहाजोग आणि पेठ या दोन्हींचें काम एका कागदानें केलें.

यानंतर या गोष्टींत सरकारचा प्रवेश झाला. दुसरें महायुद्ध पेटतांच सप्टेंबर १९३९ मध्यें हिंदुस्थानांत परकीय चलनावर नियंत्रण आलें. युद्ध संपलें, पण नियंत्रण राहिलें. १९४७ च्या कायद्यानें तें पक्कें झालें आणि १९७३ च्या कायद्यानें अधिक कडक. प्रश्न केवळ हुंडणावळीचा उरला नाहीं. परकीय चलन मिळणेंच दुर्मिळ झालें. शिकावयास किंवा नोकरीच्या शोधांत निघालेल्या कित्येक तरुणांनीं खिशांत अवघे ८ डॉलर घेऊन विमानांत पाऊल ठेविलें. उतरल्यावर कोणी ओळखीचा घ्यावयास आला नाहीं, तर पहिल्या रात्रीचा निवाराहि परवडण्याजोगा नसे. आनंदीबाईंप्रमाणेंच या पिढीचीहि खरी हुंडी म्हणजे तिकडचा एखादा आप्त किंवा मित्र. देशाची अडचणहि खोटी नव्हती. १९९१ सालीं परकीय गंगाजळी आटली, तेव्हां रिझर्व्ह बँकेला सुमारें ४७ टन सोनें परदेशीं तारण ठेवावें लागलें. त्या धक्क्यानंतर धोरण पालटलें. २००० सालीं जुन्या कायद्याच्या जागीं सौम्य कायदा अंमलांत आला. २००४ सालीं प्रत्येक नागरिकास वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा मिळाली, आणि २०१५ पासून ती मर्यादा २,५०,००० डॉलरची आहे.

याच काळांत कागदाची जागा कार्डानें घेतली. न्यू यॉर्कमध्यें १९५० सालीं डायनर्स क्लबचें कार्ड निघालें. १९६१ सालीं तें भारतांत आलें. १९८० सालीं मुंबईच्या सेंट्रल बँकेनें आपलें क्रेडिट कार्ड काढलें. कार्ड म्हणजे वास्तविक जुनें पतपत्रच. आडत्याला पत्र जाण्याऐवजीं आतां विजेच्या वेगानें निरोप जातो, एवढाच भेद.

यात्रेकरूचे तीन प्रश्न मात्र तसेच उभे आहेत. पहिला हुंडणावळीचा. क्रेडिट किंवा डेबिट कार्डानें परक्या चलनांत खर्च केला, कीं बँक विनिमयाच्या दरावर आपला आकार चढविते. समजा, तो शेंकडा साडेतीन आहे. तर १,००,००० रुपयांच्या खर्चावर ३,५०० रुपये झाले, आणि त्या आकारावर शेंकडा १८ प्रमाणें कर ६३० रुपये. एकूण ४,१३० रुपये हुंडणावळीचे. कांहीं कार्डांवर हा आकार कमी असतो, कांहींवर मुळींच नसतो. म्हणून तो आधीं विचारावा. आगाऊ रक्कम भरून घ्यावयाच्या प्रवासी कार्डावर दर भरण्याच्या दिवशींच ठरतो, आणि पुढें रुपया घसरला तरी झळ लागत नाहीं. पण कार्डांत डॉलर भरून खर्च युरोंत केला, तर पुन्हां अदलाबदलीचा आकार पडतो, आणि उरलेली रक्कम परत रुपयांत आणतांनाहि कांहीं कापलें जातें. क्रेडिट कार्डावर रोख पैसे काढणें सर्वांत महाग. त्यावर बहुधा त्याच दिवसापासून व्याज चालूं होतें. परदेशीं दुकानांतील यंत्र कधीं कधीं ‘रुपयांत देतां कीं येथील चलनांत?’ असें आर्जवानें विचारतें. रुपये ओळखीचे म्हणून मन तिकडे ओढतें. परंतु तो दर दुकानाच्या बाजूनें ठरलेला व बहुधा महाग असतो. तेथील चलनच सांगावें.

दुसरा प्रश्न सकारण्याचा. २०२० पासून नव्या कार्डावर परदेशांतील व्यवहार मुळांत बंद असतो. ग्राहकानें सांगितल्यावरच तो चालूं होतो. हें काम घर सोडण्यापूर्वीं करावें, नाहीं तर चांगलें कार्डहि परमुलखांत आडत्यावांचूनच्या हुंडीसारखें ठरतें. तिसरा प्रश्न हरवण्याचा. कार्ड ताबडतोब बंद करण्याचा दूरध्वनी क्रमांक निराळा लिहून ठेवावा, आणि दुसरें एक कार्ड व थोडी रोकड वेगळ्या पिशवींत असूं द्यावी. जुन्या लोकांची पेठ ती हीच. बचतीची सगळी पुंजी ज्या खात्यांत आहे, त्याचें डेबिट कार्ड मात्र रोजच्या खरेदीस वापरूं नये. चोरी झाल्यास पैसा प्रथम आपल्या खात्यांतून जातो आणि भांडण मागाहून करावें लागतें.

मानपाड्याच्या त्या जोडप्यानें कार्डाचा रंग, त्यावरचीं बक्षिसें आणि विमानतळावरचा फुकट चहा यांची वर्णनें खुशाल ऐकावीं. मग जुन्या यात्रेकरूसारखें खुर्चींत नीट बसून विचारावें: हुंडणावळ किती? उत्तर स्पष्ट आंकड्यांत मिळालें नाहीं, तर ती पेढी सोडून पुढची पाहावी.