मुंगूस इंग्रजीत कसं गेलं?

पेण आणि रोह्याच्या मधलं आमचं निडी. इकडे बांधावर मुंगूस आडवं गेलं की दिवस चांगला जातो म्हणतात. मला त्याच्या नावाचा प्रवास जास्त आवडतो.

इंग्रजीतलं 'मंगूज' आपल्या मुंगसावरूनच आलं. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७०च्या दशकात मुंबई-सुरत भागात होता. १६९८ साली लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात हा प्राणी भेटतो. पुढे स्पेलिंगच्या शेवटी 'गूज' हा पक्षी येऊन बसला, पण त्याचं मुंगसाशी काही नातं नाही. म्हणून अनेकवचन 'मंगीज' नव्हे, 'मंगूजेस'.

पण प्रवास मराठीपाशी सुरू होत नाही. संस्कृतात हा 'नकुल'. हिंदीतला 'नेवला' त्याच घराण्यातला. मराठीचं मुंगूस मात्र वेगळं. कन्नडात 'मुंगुसी', तेलुगूत 'मुंगिस' आहे, म्हणून अभ्यासक त्याचं मूळ द्राविडी भाषांत शोधतात.

इंग्रजीनं आपला शब्द घेतला याचा अभिमान जरूर वाटावा. मग आपण तो शेजाऱ्यांकडून घेतला, हेही तितक्याच अभिमानानं सांगावं. नाहीतर 'शुद्ध मराठी'च्या चाळणीतून पहिलं मुंगूसच गळून पडेल.