बॅम्प्टनचें दानपत्र आणि बिशपाचें मूळ

ताम्रपट वाचणारांस अखेरचे शापश्लोक पाठच असतात. सॉल्झबरी येथील प्रधान मंदिराचा पुरोहित जॉन बॅम्प्टन (मृत्यु १७५१) यानें आपली स्थावर मिळकत ऑक्सफर्ड विद्यापीठास दिली तेव्हां शाप न लिहितां अटी लिहिल्या. उत्पन्नांतून दरसाल आठ प्रवचनें व्हावीं. वक्ता ऑक्सफर्डचा किंवा केंब्रिजचा एम्. ए. असावा, एकाच गृहस्थाची पुन्हा निवड होऊं नये, दोन महिन्यांच्या आंत तीस प्रती छापाव्या, आणि छापल्यावांचून वक्त्यास द्रव्य मिळूं नये. व्याख्यान झालें, टाळ्याही पडल्या, निबंध मात्र हातीं आला नाहीं, हा अनुभव कोणत्या मंडळास नाहीं?

नेमलेल्या विषयांत आद्य ख्रिस्ती आचार्यांच्या लेखांचें प्रामाण्य हा एक विषय होता. परंतु दात्याचा मुख्य हेतु श्रद्धेचें मंडन आणि पाखंडाचें खंडन हाच होता. निष्कर्ष आधींच ठरवून दिलेल्या दानांतून इतिहास निपजेल काय, अशी शंका आम्हांस होती. पहिलीं प्रवचनें १७८० सालीं झालीं. शंकेचें उत्तर मात्र १८८० सालच्या प्रवचनांत सांपडतें.

त्या सालचा वक्ता एडविन हॅच हा स्वतः दीक्षित पाद्री. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळ्यांची घटना हा त्याचा विषय. बिशपाचा अधिकार ख्रिस्ताच्या प्रथम शिष्यांकडून अखंड परंपरेनें आला, अशी इंग्लंडांतील एका प्रबळ पक्षाची श्रद्धा होती. हॅचनें तिकडे न पाहतां ग्रीक शिलालेख उघडले. बिशप हा शब्द ग्रीक ‘एपिस्कोपोस’ यापासून आला. एपि म्हणजे वर, स्कोपोस म्हणजे पाहणारा. आमच्या ‘अध्यक्ष’ शब्दाची घडण थेट अशीच आहे, आणि कौटिल्याच्या दुसऱ्या अधिकरणांतला अध्यक्ष कोष्ठागार, खाणी, शुल्क यांवर नजर ठेवणारा अधिकारी आहे, सभेंत हार घालून बसणारा नव्हे. ग्रीक नगरांत व मंडळ्यांतही या नांवाचे अधिकारी पैका सांभाळीत, असें हॅचनें दाखविलें. इ. स. १५० च्या सुमारास जस्टिन लिहितो कीं, जमलेली वर्गणी प्रमुखापाशीं ठेवीत व तो ती अनाथ, विधवा, बंदिवान, परदेशी यांस वांटी. यावरून हॅचनें बिशपाचें मूळ कार्य धर्मादायाच्या निधीची व्यवस्था हें मानिलें. धर्मादायाच्या निधीवर बोलणारानें असा सिद्धांत मांडावा, ही मौज आम्हांस विसरवत नाहीं.

१८८३ सालीं हार्नाकनें या ग्रंथाचें जर्मन भाषांतर केलें. त्याच वर्षीं ब्रिएन्निओसनें ‘दिदाखे’ छापली. कॉन्स्टँटिनोपल येथें १८७३ सालीं सांपडलेल्या, १०५६ सालच्या लेखनकालाची नोंद असलेल्या एका पोथींत ती होती. तींत मंडळीनें आपले बिशप आपणच निवडावे असें सांगितलें आहे. हॅचची उपपत्ति पुढें जशीच्या तशी टिकली नाहीं, कारण शिलालेखांत हें नांव नाना प्रकारच्या अधिकाऱ्यांस लाविलेलें आहे आणि ग्रीक बायबलांतही तें येतें. तरी पदाचा अर्थ समकालीन लेखांतून काढण्याची रीति राहिली.

चार्ल्स गोर यानें १८८८ सालीं परंपरेच्या बाजूनें मोठा ग्रंथ लिहून हॅचला उत्तर दिलें. १८९१ सालीं बॅम्प्टनचीं प्रवचनें त्याच गोरनें दिलीं. खंडन करणारा आणि ज्याचें खंडन झालें तो, दोघांचाही खर्च एकाच दानांतून निघाला.