नाडी नसलेला माणूस आणि रुग्णालयाची परतवाट

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या पट्ट्यात विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. कृत्रिम हृदययंत्राच्या इतिहासात हे वादळ आणण्याचे कारण साधे आहे. हे यंत्र विजेवर चालते. ते बसवलेला माणूस दिवसा बॅटऱ्या अंगावर वागवतो आणि रात्री बहुधा भिंतीतल्या सॉकेटला जोडून घेऊन झोपतो.

या यंत्राला एलव्हॅड म्हणतात. ते हृदय काढून टाकत नाही. थकलेल्या डाव्या कप्प्यातून रक्त ओढून महारोहिणीत ढकलणारा हा पंप आहे. त्याची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते.

रायगडकरांचे मोठे रुग्णालय म्हणजे मुंबई, आणि मुंबईत हा विषय १९६८ पासून सुरू होतो. त्या वर्षी फेब्रुवारीत केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयरोपण केले. बर्नार्ड यांच्या केपटाऊनमधील पहिल्या शस्त्रक्रियेला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांचा रुग्ण सुमारे तीन तास जगला. घरी जाण्याचा प्रश्नच उद्भवला नाही, मग परत दाखल होण्याचा कुठून उद्भवणार?

यंत्रांचीही सुरुवातीची कथा अशीच. १९६६ मध्ये ह्यूस्टनला डीबेकी यांनी एका स्त्रीच्या हृदयाला दहा दिवस पंपाचा आधार दिला. तिचे हृदय सावरले आणि ती घरी गेली, पण पंप काढून टाकल्यानंतर. १९८२ मध्ये बार्नी क्लार्क यांना जार्विक-७ हे संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले, तेव्हा ते चालवणारे अवजड यंत्र खाटेशेजारी उभे होते. क्लार्क ११२ दिवस जगले, सगळे रुग्णालयातच. शल्यचिकित्सेचा इतिहास ‘पहिला’ या शब्दावर फार भाळतो. अशा ११२ दिवसांची गणना मात्र तो घाईने उरकतो.

वळण आले ते बॅटरीने. रुग्ण यंत्रासह उंबरठा ओलांडू लागला. २००१ मध्ये रीमॅच चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: १२९ रुग्ण, एका वर्षानंतर यंत्रगटात ५२ टक्के जिवंत, औषधगटात २५ टक्के. हा विजय निर्विवाद होता. पण जे जगले ते पुन्हा पुन्हा रुग्णालयात येत राहिले. पुढे यंत्रे सुधारली, तरी पहिल्या वर्षात बहुतांश रुग्णांना किमान एकदा परतावे लागते, हे चित्र टिकून आहे.

कारणे पाहिली की यंत्राचा स्वभाव कळतो. वायरीच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होतो. पंपात गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ ठेवावे लागते, आणि मग आतड्यातून रक्त वाहते. यातला गुंता रोचक आहे. १९५८ मध्ये एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवले होते की, महारोहिणीची झडप अरुंद झालेल्या रुग्णांना आतड्यातून रक्तस्राव होतो. कारण कळायला दशके लागली. रक्त अडचणीच्या जागेतून वेगाने जाताना त्यातले गोठण्यास मदत करणारे एक मोठे प्रथिन चिरफाळते. फिरत्या पात्याचा पंप नेमके तेच करतो. शिवाय प्रवाह जवळजवळ अखंड असल्याने अनेकांच्या मनगटावर नाडीच लागत नाही. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असा रुग्ण आला, तर शुद्धीत बोलणाऱ्या माणसाची नाडी शोधणाऱ्या डॉक्टरची अवस्था काय होईल!

परतण्याचे एक कारण तर उपचारातच दडलेले निघाले. वर्षानुवर्षे या रुग्णांना रक्त पातळ करणाऱ्या मुख्य औषधासोबत ॲस्पिरिनही दिले जाई. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एरीस चाचणीत, हार्टमेट-३ बसवलेल्या रुग्णांचे ॲस्पिरिन वगळून पाहिले. गुठळ्या वाढल्या नाहीत. रक्तस्राव सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि त्यापायी रुग्णालयात काढावे लागणारे दिवसही बरेच कमी झाले. एवढी साधी गोळी. पण ती खरोखर हवी का, हे तपासायला वीसेक वर्षे जावी लागली.

भारतात हे यंत्र महाग आणि म्हणून विरळ. तरीही ते उद्या श्रीवर्धनच्या एखाद्या घरात आले, तर त्या घराला आधी अंतर मोजावे लागेल. म्हसळा, माणगाव, मग वर्षानुवर्षे रुंदीकरणात अडकलेला मुंबई-गोवा महामार्ग. बॅटऱ्यांची एक जोडी साधारण अर्धा दिवस पुरते. अमेरिकेत रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी घरातील वायरिंग तपासतात आणि वीज कंपनीला कळवून ठेवतात, म्हणजे वादळानंतर त्या घराची वीज आधी जोडली जावी.