तीर्थ म्हणजे उतार

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही बंद झाली आणि गटातल्या एका आजींनी विचारलं, "तुळजापूरला आपण कल्लोळात हातपाय धुतो. त्याला तीर्थ का म्हणायचं? पाणी तर आपल्या हापशाचंही पाणीच की!" आम्ही सगळ्या हसलो, पण उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग शोधलं. जे सापडलं ते आज सांगतो.

तीर्थ हा शब्द संस्कृतातला. त्याचं मूळ 'तॄ' या धातूत आहे. तॄ म्हणजे ओलांडणं, पार होणं. नदी जिथून पायी ओलांडता येते, ती जागा म्हणजे तीर्थ. हा त्याचा जुना अर्थ. आपण त्या जागेला उतार म्हणतो, आणि उतार हा शब्दही त्याच धातूतून आलेला. तरणं, तारणं, तारू, उतरणं, अवतार ही सगळी एकाच घरची लेकरं.

पूल नव्हते तेव्हा बैलगाडी, मेंढरं, बाजारकरू, सासरी निघालेली लेक, सगळ्यांना उतारावरच यावं लागे. आपलं तेर बघा. तेरणाकाठचं हे गाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पुस्तकात तगर या नावाने आलं आहे. इथलं कापड गाड्यांतून थेट भडोचच्या बंदराला जायचं. वाटेत नद्या किती असतील! उतारावर माणसं थांबायची, पाणी ओसरायची वाट बघायची, अंघोळ करायची, सुखरूप पार झाल्यावर हात जोडायची. अशा जागी देव आले, जत्रा आल्या. हळूहळू ओलांडणं मागे पडलं आणि पवित्र पाणी हा अर्थ उरला. म्हणून तुळजापूरचं कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ. तुळजापूर तालुक्यात तर तीर्थ बुद्रुक आणि तीर्थ खुर्द अशी गावंच आहेत.

पुढे हा शब्द पाण्याबाहेरही आला. गुरू अज्ञानातून पार नेतो, म्हणून तोही तीर्थ. एका गुरूकडे शिकलेले ते सतीर्थ्य. शाळेत आपण पत्र शिकलो, त्यात वडिलांना 'तीर्थरूप' लिहायचो, ते याच शब्दातून.

भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं मोठं क्षेत्र. जैन धर्मातले तीर्थंकर म्हणजे उतार करून देणारे. आणि त्यांच्याकडे साधू, साध्वी, श्रावक, श्राविका या चौघांच्या संघालाही तीर्थ म्हणतात. म्हणजे माणसांचा मेळ हेच तीर्थ, आणि त्यात बाई बरोबरीने मोजलेली! हे वाचलं तेव्हा आम्हाला आपला गट आठवला.

मैत्रिणींनो, 2025 च्या सप्टेंबरात सीनेला आलेला पूर आपण विसरलेलो नाही. पण नदी सोडा, आमच्या गावचा साधा ओढा भरला तरी पलीकडच्या वस्तीवरच्या पोरी शाळेला येत नाहीत. एकदा दिवस भरलेली सून काठावर चार तास बसून होती. तिच्या सासूने पाण्याला हळदकुंकू वाहिलं. पाणी ओसरलं तेव्हाच ती पलीकडे गेली.

आजींना आम्ही हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आपल्या ओढ्यावर फरशी पूल झाला तर तेही तीर्थच की!"

आम्ही ते वहीत लिहून घेतलं. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. येत्या सभेत आमच्या गटाचा पहिला विषय फरशी पुलाचा आहे. तुमच्या गावात कुठल्या ओढ्यावर लेकरं अडतात, तेही पुढच्या बैठकीत विचारा, लिहून काढा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.