ट्रिगर एकदा, गोळ्या अनेक : स्वयंचलित शस्त्रे आणि भारतीय कायदा

अमेरिकेतल्या रेंजवर पर्यटक मशीनगन भाड्याने घेऊन चालवतात, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. बेंगळुरूत असे कुठे करता येईल का, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर आहे, नाही. ते का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

व्हाइसरॉय लिटनच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना मात्र सूट होती. काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांतच याविरुद्ध ठराव केले. म्हणजे तो कायदा शस्त्रापेक्षा ते धरणारा कोण हे पाहत होता. पुढे १८८४ मध्ये हायरम मॅक्झिमने गोळीच्या धक्क्यानेच पुढची गोळी भरणारी तोफ बनवली आणि प्रश्नच बदलला.

स्वतंत्र भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा यंत्रणा पाहतो. ट्रिगर दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, ते ‘निषिद्ध शस्त्र’. (कायद्यात इतकी नेमकी अभियांत्रिकी व्याख्या क्वचितच सापडते!) कलम ७ नुसार केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय ते बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ७ ते १४ वर्षे आहे. मौजेसाठी ही परवानगी मिळत नाही. कोडगूतील कोडवांना परवान्यातून जी जुनी सूट आहे, तीही साध्या बंदुकांपुरती.

यामागे भौतिकशास्त्रही आहे. एका गोळीचा धक्का हात सावरतो. सलग गोळीबारात सावरण्याआधीच पुढचा धक्का येतो आणि नळी वर चढत जाते. २०१४ मध्ये ॲरिझोनातील कायदेशीर रेंजवर नऊ वर्षांच्या मुलीच्या हातातली उझी अशीच वळली आणि शेजारी उभा असलेला प्रशिक्षक मरण पावला.

नेमबाजीची हौस असेल, तर कर्नाटक राज्य रायफल असोसिएशनसारख्या संस्थेत चौकशी करा. सुरुवात एअर रायफलने होते. नळी सदैव लक्ष्याकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आज्ञा होताच शस्त्र रिकामे, हे आधी अंगवळणी पडावे लागते. वेगाचीच ओढ असेल, तर २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल हा प्रकार आहे. त्यात पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या, सर्वांत वेगवान फेरीत चार सेकंदांत. पण प्रत्येक गोळीसाठी ट्रिगर वेगळा ओढायचा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी रौप्यपदक जिंकले, ते याच प्रकारात.